बर्लिनला तीन तारे, रोमला साडेचार

सुरुवातीलाच तक्रार करून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. बर्लिनच्या राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदभवनाच्या, काचेच्या घुमटात जायला पैसे पडत नाहीत. जर्मन संसदेच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि वेळ भरायची, मेल येतो, दारात ओळखपत्र दाखवायचं, संपलं. आमच्या टूर कंपनीने यासाठी माणशी १२ युरो 'आरक्षण शुल्क' म्हणून वेगळे लावले. दोघांचे २४. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं, पण मूळ ओळखपत्र जवळ लागतं हे त्यांच्या मेलमध्ये कुठेच नव्हतं आणि ताईचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. तो आणायला मी जसा धावलो तसा गेल्या दहा वर्षांत धावलो नव्हतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचं शेवटी सांगतो.

आता माल काय होता ते. एकाच पाकिटात दोन पायी सहली: एका शनिवारी बर्लिन, पुढच्या शनिवारी रोम. प्रत्येकी तीन तास, दोन्ही मिळून माणशी ६४ युरो, प्रवास आणि राहणं आपलं आपण. विषय असा की महायुद्धानंतर या दोन देशांत सरकारं कशी बनली, कशी टिकली, कशी पडली. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'स्थिर जर्मनी, अस्थिर इटली'. मी सोळा वर्षं म्युनिकमध्ये आहे, लिफ्टच्या सुरक्षा तपासणीचं काम करतो, राजकारणाच्या नादी फारसा लागत नाही. पण थोरली बहीण माझ्याकडे राहायला आली होती. तिने अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय. बाकीचे लोक नातेवाइकांबद्दल जशा गप्पा मारतात तशा ती संविधानातल्या कलमांबद्दल मारते. जाहिरात वाचून ती म्हणाली, "अरे, हे घेऊच. कोण स्थिर आणि कोण अस्थिर ते बघू तरी." मागचा ऑक्टोबर संपत आला होता, २०२५चा.

बर्लिनचा गाइड तरुण, चुणचुणीत, आणि पाठांतर पक्कं. इतकं पक्कं की मध्ये कुणी प्रश्न विचारला तर त्याला वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा यावं लागायचं. राइशस्टागच्या समोर बिडाच्या पाट्यांची एक रांग उभी आहे. पाट्या ९६, प्रत्येकीच्या कडेवर नाव, पक्ष आणि मृत्यूचं ठिकाण. नाझींनी मारलेले हे खासदार. कितीतरी पाट्यांवर ठिकाण म्हणून छळछावणीचं नाव आहे. ताई वाकून एकेक वाचायला लागली. गाइडने तिथे मोजून एक मिनिट दिलं आणि पुढे निघाला. पहिला अर्धा तारा मी तिथे कापला. पुढच्या तीन तासांत त्याने जे काही सांगितलं त्याचं मूळ त्या रांगेत होतं. वायमार काळात, १९१९ ते १९३३, मंत्रिमंडळं इतक्या झपाट्याने बदलली की लोकांना नावंही लक्षात राहीनात, आणि संसदेतले दोन टोकांचे पक्ष सरकार पाडायला एकत्र यायचे पण बनवायला कधीच नाही. पुढे काय झालं ते पाट्यांवर लिहिलंय.

म्हणून १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे ग्रुंडगेझेत्समध्ये, कलम ६७ आलं. चान्सलरवर, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखावर, नुसता अविश्वास दाखवता येत नाही. त्याच मतदानात नवा चान्सलर बहुमताने निवडावा लागतो. गाइडने हे सांगितल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र हसू आलं, कारण हे आमचं इंटरलॉक आहे. लिफ्टचं दार नीट लागून कुलूप बसल्याशिवाय गाडी हलत नाही. दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या, एक झाल्याशिवाय दुसरी होत नाही. ज्याने हे कलम लिहिलं तो आमच्या खात्यात शोभला असता.

हे इंटरलॉक आजवर दोनदाच वापरायचा प्रयत्न झाला. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले, ती यशस्वी वेळ. त्याआधीची, एप्रिल १९७२ची, खरी रंगतदार. चान्सलर विली ब्रांट यांना हटवायला विरोधी नेते राइनर बार्त्सेल यांना २४९ मतं हवी होती, पडली २४७. पुढच्या वर्षी यूलियुस श्टाइनर नावाच्या खासदाराने बार्त्सेलना मत न देण्यासाठी ५०,००० मार्क घेतल्याचं कबूल केलं, आणि त्यामागे पूर्व जर्मनीच्या श्टाझीचा हात होता हे भिंत पडल्यानंतर बाहेर आलं. म्हणजे पश्चिम जर्मनीचं सरकार त्या दिवशी टिकलं त्याला शत्रूच्या हेरखात्याचाही हातभार होता! असली गोष्ट गाइडच्या हातात असताना त्याने ती सांगितलीच नाही. ताईने सांगितली, मागे उभ्या असलेल्या दोन डॅनिश बायकांना, आपल्या शाळेच्या इंग्रजीत. त्या दोघी नंतर सगळा वेळ ताईच्याच बाजूने चालत होत्या.

घुमट मात्र अप्रतिम, आणि त्याचे तारे कंपनीला मिळणार नाहीत. वर नेणारी लिफ्ट मोठी, सुरू होताना आणि थांबताना हिसका नाही, पातळी मिलिमीटरमध्ये बरोबर. (मी बघतोच. सवय.) नॉर्मन फॉस्टर यांनी १९९९ मध्ये पूर्ण केलेला हा घुमट, मध्ये आरशांचा उलटा शंकू, आणि खाली वाकून पाहिलं की काचेतून सभागृहातल्या निळ्या खुर्च्या दिसतात. कडेने दोन सर्पिल उतार आहेत. एकावरून चढायचं, दुसऱ्यावरून उतरायचं, चढणारा आणि उतरणारा एकमेकांना आडवे येत नाहीत. कानातलं ध्वनियंत्र तुम्ही कुठे पोचलात ते ओळखून आपोआप बोलतं. ताईने अर्ध्या वाटेवर ते काढून गळ्यात अडकवलं आणि मला विचारलं, "हे सगळं ठीक आहे रे. पण मग मागच्या वर्षी काय झालं?"

तोच प्रश्न तिने खाली उतरल्यावर गाइडला विचारला. ६ नोव्हेंबर २०२४ला चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी अर्थमंत्री ख्रिस्टियान लिंडनर यांना काढलं आणि तीन पक्षांचं सरकार कोसळलं. १६ डिसेंबरला शोल्त्स यांनी स्वतःवरच विश्वासमत मागितलं, ते हरावं म्हणूनच मागितलं: बाजूने २०७, विरोधात ३९४, तटस्थ ११६. मग निवडणूक. कलम ६८ची ही वाट नवी नाही. ब्रांट यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये, कोल यांनी १९८२ मध्ये, श्र्योडर यांनी २००५ मध्ये हेच केलं होतं. संसद बरखास्त करायला दुसरा सोपा रस्ता नाही म्हणून मुद्दाम हरायचं. आमच्याकडे याला देखभालीची चावी म्हणतात. सगळी कुलपं असतात तशीच असतात, पण तंत्रज्ञाच्या खिशात एक चावी असते. गाइडचं उत्तर होतं, "ते अपवाद होते." चार अपवाद? ताईने वहीत काहीतरी लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं. दुसरा तारा तिथे गेला. उरलेला अर्धा १२ युरोंचा.

रोम. इथे मला जरा सावकाश सांगू द्या.

गाइड साठीच्या पुढची बाई, पांढरे आखूड केस, खांद्यावर कापडी पिशवी. पियात्सा कोलोन्नामध्ये मार्कुस औरेलियुसच्या स्तंभाखाली आम्ही जमलो तेव्हा तिने पिशवीतून एक छोटी घंटा काढली आणि वाजवली. आम्हाला वाटलं माणसं गोळा करायला. नाही. मागच्या पालाझ्झो किजीकडे, म्हणजे पंतप्रधानांच्या कचेरीकडे बोट दाखवून तिने सांगितलं की इटलीत सत्ता बदलते ती अशी: जाणारा पंतप्रधान येणाऱ्याच्या हातात मंत्रिमंडळाच्या बैठकीची घंटा देतो. छायाचित्रकार उभे असतात, दोघं हसतात, हात मिळवतात. मग तिने २२ फेब्रुवारी २०१४चा प्रसंग करून दाखवला. एन्रिको लेत्ता जाणार, मातेओ रेंझी येणार. दोघं एकाच पक्षाचे. महिनाभर आधीच रेंझींनी जाहीरपणे 'एन्रिको, निश्चिंत राहा' म्हटलेलं, आणि मग त्यांनीच खुर्ची काढून घेतलेली. तिने आमच्यातल्या एका उंच माणसाला रेंझी केलं, स्वतः लेत्ता झाली, मान दुसरीकडे वळवून घंटा त्याच्या हातात अशी कोंबली की त्या बिचाऱ्याला कळेना धरायची की सोडायची. पाच सेकंदांत ती पाठ फिरवून निघालीसुद्धा. ताई टाळ्या वाजवत होती.

नंतर तिने आकडा सांगितला. १९४६ साली प्रजासत्ताक आल्यापासून जॉर्जा मेलोनी यांचं सरकार ६८वं. त्याआधीच्या ६७ सरकारांची सरासरी काढली तर जेमतेम चौदा महिने. याच काळात जर्मनीत चान्सलर झाले दहा. जाहिरातीतला मथळा इथे सिद्ध होतो, असं वाटून मी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आता या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे शिकवायचे मी पैसे घेते."

आणि तिने ते शिकवलं. त्या ६८ पैकी सात सरकारं एकट्या जुल्यो आंद्रेओत्ती यांची, सहा आमिंतोरे फानफानी यांची. ख्रिस्ती लोकशाही पक्ष १९४६ पासून १९९४ पर्यंत एकाही सरकारातून बाहेर नव्हता. सरकार पडायचं म्हणजे काय व्हायचं, तर तीच माणसं खात्यांची अदलाबदल करून परत यायची. उन्हाळ्यापुरत्या सरकारांना तर इटालियन लोक 'समुद्रस्नानाची सरकारं' म्हणतात; सुट्टी संपेपर्यंत कारभार बघायचा आणि शरद ऋतूत खरी घासाघीस. आधी विश्वास मिळवून नंतर संसदेतल्या विश्वासमतावर पडलेली सरकारं दोनच, आणि दोन्ही रोमानो प्रोदी यांची: १९९८ मध्ये ३१३ विरुद्ध ३१२, एका मताने, आणि जानेवारी २००८ मध्ये सिनेटात १६१ विरुद्ध १५६. बाकीची पक्षांच्या कचेऱ्यांत, जेवणाच्या टेबलांवर, दाराआड पडली. २००८च्या त्या मतदानानंतर एका सिनेटरने भर सभागृहात मोर्तादेल्ला खाल्ला. मोर्तादेल्ला म्हणजे सॉसेजचा एक प्रकार, आणि प्रोदींचं टोपणनाव.

इथे ताईने तिचा प्रश्न टाकला, तोच, जो बर्लिनच्या पोराला झेपला नव्हता, फक्त उलटा करून. "इतकं पडतं, तर संविधान लिहिणाऱ्यांना दिसलं नव्हतं का?" बाई म्हणाली, त्यांना दुसरंच काही दिसत होतं. वीस वर्षं एकच माणूस, मुसोलिनी, खुर्चीवर बसलेला त्यांनी पाहिला होता. म्हणून १९४८च्या संविधानात पंतप्रधान मुद्दाम अशक्त ठेवला. कलम ९४ प्रमाणे दोन्ही सभागृहांचा विश्वास सारखाच लागतो, आणि दोन्हींना सारखेच अधिकार. जर्मनांना भीती गोंधळाची, कारण गोंधळातून हुकूमशहा आला. इटालियनांना भीती थेट हुकूमशहाची. रोग जवळजवळ एकच, पण दोन वैद्यांनी उलटी औषधं दिली.

मोंतेचितोरियोच्या चौकात इजिप्तचा ओबेलिस्क आहे, ऑगस्टसने आणलेला, सावलीवरून काळ मोजायला. त्याच्या पायाशी बसून तिने आत न जाता आतली एक जागा दाखवली: सभागृहाबाहेरचा लांब दिवाणखाना, नाव 'ट्रान्सअटलांटिको'. हे नाव पडलं कारण तिथलं सामान पालेर्मोच्या दुक्रोत कंपनीने केलं, जी प्रवासी जहाजांची अंतर्गत सजावट करायची. म्हणजे इटलीची सरकारं बनतात आणि बुडतात ती एका जहाजी दिवाणखान्यात, खासदार येरझाऱ्या घालत असताना. इथेच माझं कानातलं यंत्र बंद पडलं. कंपनीचंच, बॅटरी संपलेली. बाईने आवाज चढवला आणि पुढचा दीड तास तसाच बोलली. अर्धा तारा यंत्राचा कापतो, तिचा नाही.

पियात्सा नावोनाच्या मागे एक हॉटेल आहे, वेलींनी झाकलेलं. ३० एप्रिल १९९३ची संध्याकाळ. आदल्या दिवशी संसदेने माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांच्यावरची भ्रष्टाचाराची चौकशी बव्हंशी अडवून धरली होती. एके काळी तीन वर्षांच्या आसपास सलग सरकार चालवलेला हा माणूस दारातून बाहेर आला आणि जमावाने त्याच्यावर नाणी फेकली. 'ही पण घे' म्हणत. बाई तेव्हा जवळच्याच गल्लीतून कामावरून घरी चालली होती. तिने पिशवीतून शंभर लिरांचं एक नाणं काढून आमच्यात फिरवलं. तिने फेकलं नव्हतं, पण बाजूच्या माणसाने तिच्याकडे सुटे मागितले होते. दिले का? यावर ती फक्त हसली. नाणं माझ्या हातात आलं तेव्हा कोमट होतं, दहा जणांच्या मुठीतून फिरून.

एक वर्षाच्या आत जुने पक्ष संपले. सरकारं कोलमडताना पन्नास वर्षं जी गोष्ट हलली नव्हती, ती तेव्हा हलली. तेव्हापासून निवडणुकीचे कायदेही बदलत राहिले, आणि लॅटिन वाटणारी टिंगलीची नावं घेत राहिले: मात्तारेल्लुम, पोर्चेल्लुम, इतालिकुम, रोझातेल्लुम. इतालिकुम तर एकदाही वापरला न जाता मेला. जर्मनीत संसदेत शिरायला लागणारा पाच टक्के मतांचा उंबरठा १९५० च्या दशकापासून तसाच आहे. २०२५ मध्ये सारा वागेनक्नेष्टच्या पक्षाला ४.९८ टक्के मिळाले आणि तो दाराबाहेर राहिला. मला विचाराल तर स्थिरता तिथे मोजावी. खेळाडू बदलले की नाही हे नाही, मैदानाच्या रेषा कोण आणि किती वेळा पुसतं ते.

सहल संपते विया काएतानीत. अरुंद गल्ली, भिंतीवर एक फलक. १६ मार्च १९७८ला, आंद्रेओत्तींचं सरकार कम्युनिस्टांच्या पाठिंब्याने विश्वास मागणार त्याच सकाळी, ख्रिस्ती लोकशाहीचे नेते आल्दो मोरो यांचं अपहरण झालं. ५५ दिवसांनी लाल रेनॉच्या डिकीत त्यांचा मृतदेह या गल्लीत मिळाला. एकीकडे ख्रिस्ती लोकशाहीची कचेरी, एकीकडे कम्युनिस्टांची, मध्ये ही जागा. १९७६ मध्ये कम्युनिस्टांना ३४.४ टक्के मतं होती आणि तरी त्यांना मंत्रिमंडळात घ्यायचं नाही हे ठरलेलं होतं. मग उरलेल्यांना एकमेकांशी पटो न पटो, एकत्र राहणं भागच. आतल्या आत भांडायचं, सरकार पाडायचं, आणि पुन्हा त्यांच्यातूनच बनवायचं, कारण दुसरं कुणी चालणार नाही.

ताई फलकासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "अरे, हे तर आत्ताचं बर्लिन झालं."

झालंच. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के मिळाले, बाकी सगळ्यांनी त्यांच्याशी हात न मिळवण्याचं ठरवलंय, म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांनाच एकत्र बसावं लागतं. ६ मे २०२५ला फ्रीडरिश मेर्त्स चान्सलर व्हायला उभे राहिले. युतीच्या जागा ३२८, हव्या होत्या ३१६, मिळाली ३१० मतं. पहिल्या फेरीत चान्सलर न निवडला जाणं तिथे तेव्हा पहिल्यांदाच घडलं. गुप्त मतदान, त्यामुळे कुणी दगा दिला ते कळलं नाही. इटलीत अशांना 'छुपे नेमबाज' म्हणतात; २०१३ मध्ये अशा १०१ जणांनी प्रोदींचं राष्ट्रपतिपद घालवलं. दुपारी दुसरी फेरी झाली, ३२५ मतं पडली, काम भागलं. दोन्हीकडच्या वगळलेल्या पक्षांची बरोबरी मी करत नाही. इटलीच्या कम्युनिस्टांची सही संविधानावर आहे. मी फक्त यंत्राची रचना बघतोय. आणि आम्ही रोममध्ये गेलो तेव्हा मेलोनी तीन वर्षं पूर्ण करून बसलेल्या, प्रजासत्ताकातलं तोवरचं तिसरं सर्वांत दीर्घायुषी सरकार. इटली आणि जर्मनीच्या दहा वर्षांच्या रोख्यांतल्या व्याजाचा फरक, ज्याला इटलीत सगळे 'स्प्रेड' म्हणतात, नोव्हेंबर २०११ मध्ये साडेपाचशे अंकांच्या, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या, वर गेला होता आणि पंतप्रधान बेर्लुस्कोनींना घेऊन गेला. आम्ही गेलो तेव्हा तो शंभराच्या खाली होता. आणखी एक गंमत: इटलीने २०२० च्या सार्वमताने आपलं सभागृह ६३० वरून ४००वर आणलं, आणि जर्मनीने २०२५ पासून आपलं कापून आणलं ते ६३०वर. सोडलेला सदरा शेजाऱ्याने घातल्यासारखा.

कुणी घ्यावी ही सहल? रोमची जरूर, वेगळी मिळाली तर वेगळी. बूट चांगले घाला, तिथले दगड उंचसखल आहेत. बर्लिनचा घुमट स्वतः नोंदवा, पासपोर्ट खिशात ठेवा, आणि बिडाच्या पाट्यांपाशी गाइडशिवाय अर्धा तास उभे राहा.

पत्रव्यवहाराचं राहिलं. २४ युरो परत मागायला ताईने मला तीन मेल लिहायला लावले. पहिल्याला उत्तर आलं, खाली एका विभागप्रमुखाचं नाव, पैसे नाहीत. दुसऱ्याला उत्तर आलं, खाली दुसऱ्याच विभागप्रमुखाचं नाव, पैसे नाहीत. तिसऱ्याला आलेल्या उत्तराखाली तिसरं नाव, आणि दोन दिवसांत २४ युरो खात्यात जमा. ताईने वहीत तिघांचीही नावं तारखांसह लिहून ठेवली आहेत.